सात दिवसांचं कलम

बाई,

हे पत्र तुला पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. मी पदवीधर आहे, खुळी नाही. तरी तुलाच उद्देशून लिहिते, कारण तुझ्याविषयी इतरांना सांगायला बसलं की माझा सूर शोकसभेतल्या भाषणासारखा लागतो. तो तुला चालला नसता. चष्म्यावरून बघत तू म्हणाली असतीस, "मालकीणबाई, मुद्द्यावर या."

तर मुद्दा. या शहरातल्या कितीतरी पोरापोरींना, घर सोडून भाड्याच्या खोलीत पहिलं पाऊल कसं टाकायचं, ते जिने शिकवलं, तिची स्वतःची खोली एका कलमापायी गेली. त्यानंतर तिला एकच गोष्ट हवी होती. पुन्हा आपली म्हणावी अशी एक खोली. ती मिळावी म्हणून आपण दोघींनी काय काय केलं आणि काय करायचं राहिलं, ते लिहायचं आहे. मध्ये थोडी तुझी स्तुती येईल. सहन कर.

आपली ओळख भांडणातून झाली. नोंदणी कार्यालयासमोरच्या लांबलचक वऱ्हांड्यात तुम्ही चार टंकलेखक ओळीने बसायचात. बाकी तिघांपुढे एकेक गिऱ्हाईक, आणि तुझ्यापुढे रांग. मला वाटलं, ही बाई कामात सगळ्यांत चांगली असणार. तुझी रांग तू हळू आहेस म्हणून लागते हे कळलं तेव्हा माझा नंबर जवळ आला होता आणि उठून जाणं परवडणारं नव्हतं.

माझ्याबरोबर माझा पहिला भाडेकरू होता. चष्मा लावलेला, शर्टाची इस्त्री आईने केलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकटा राहणारा. यजमान गेल्यावर माडीवरची खोली रिकामी पडली होती, ती त्याला द्यायची होती. करारनाम्याचा मसुदा मी स्वतः लिहून आणला होता, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. तू तो हातात घेतलास आणि मला वाटलं आता बोटं चालवशील. तर तू कागद फिरवून त्या मुलापुढे ठेवलास.

"वाच. मोठ्याने."

बिचारा वाचू लागला. तिसऱ्या कलमाशी तू त्याला थांबवलंस. "'मालकीण सांगेल ते नियम भाडेकरूने पाळावेत.' आता याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग."

"म्हणजे काकू सांगतील तसं वागायचं."

"काय सांगतील?"

"ते... ते नाही लिहिलेलं."

"मग उद्या त्या म्हणाल्या डोक्यावर उभा राहा, तर?"

मी मध्ये पडले. "मी कशाला त्याला डोक्यावर उभं राहायला सांगेन?"

"तुम्ही नाही सांगणार, मालकीणबाई. पण कागद सांगू देतोय ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, कामाचे पैसे माझ्याकडून घ्यायचे आणि वकिली त्याची करायची, हा कुठला न्याय? तू शांतपणे म्हणालीस, "पैसे मी दोघांकडून निम्मे निम्मे घेते. म्हणून तोंड दोन्हीकडे." मग तू मला नियम एकेक करून सांगायला लावलेस. पाण्याची मोटर कधी लावायची, पाहुणा किती वाजेपर्यंत, कपडे कुठल्या दोरीवर. भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत असं मी सांगितलं, तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. त्याला कॅलेंडर लावायचं होतं. मी नाही म्हटलं. तू दोन खिळ्यांवर तडजोड घडवून आणलीस आणि कलमात 'दोन' हा आकडा अक्षरातही घातलास. त्या दोन खिळ्यांवर आपली मैत्री टांगलेली आहे, असं मी पुढे म्हणायची. तू म्हणायचीस, हे वाक्य काढून टाका.

तो मुलगा माझ्याकडे चार वर्षं राहिला. एकदाही कटकट झाली नाही. दुसऱ्या भाडेकरूच्या वेळी मी मुकाट्याने तुझ्या रांगेत उभी राहिले.

वऱ्हांड्यातले बाकीचे टंकलेखक तुला वाचाबाई म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. त्यांचा करार वीस मिनिटांत होई, तुझा तासाभरात. पण घरून निघालेली पोरं एकमेकांना सांगायची, सही करायच्या आधी तिसऱ्या टेबलावर जा. तुझ्या त्या टेबलाशी मी पुढे किती दुपारी बसले असेन. घरी मला तसं काम काय होतं. मुलगा परदेशी, सून फोनवर गोड. तुझ्याकडे निदान काहीतरी घडत असायचं.

झीज आणि मोडतोड यांवरून तू एका दांडगट मुलाची घेतलेली परीक्षा मला आठवते. करारात होतं की नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून बाकी नुकसान भाडेकरूने भरून द्यायचं. तू विचारलंस, "झीज म्हणजे काय?"

"काही तुटलं-फुटलं तर."

"ती मोडतोड. तुझ्या पायाने जिन्याची पायरी गुळगुळीत झाली, ती झीज. तू दार आपटलंस आणि बिजागरी निखळली, ती मोडतोड. तू दार आपटतोस का?"

तो म्हणाला, "कधी कधी."

"मग बिजागरीचा फोटो आजच काढून ठेव. आधीच ढिली असेल तर मालकाला दाखव आणि कागदावर घे. नाहीतर मागच्याने आपटलेली दारंही तुझ्या नावावर जातील."

आणि त्या तिघी मैत्रिणी. एका कार्यालयात लागलेल्या, एकाच छापाच्या पिशव्या खांद्याला. तिघींनी मिळून घर घेतलं होतं आणि मालकाच्या मसुद्यात एक ओळ होती की तिघी 'एकत्रितपणे आणि प्रत्येकी' जबाबदार राहतील. तू विचारलंस, यातली एक नोकरी सोडून गेली आणि दुसरीची बदली झाली तर तिसरीने काय करायचं? त्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांतली जरा बोलकी होती ती म्हणाली, "मावशी, असं अभद्र आत्ताच कशाला विचारताय?"

"कारण नंतर मालक विचारतो," तू म्हणालीस. "आणि तो तिसरीला विचारतो. जी मागे राहिली असेल तिला. तिघींचं भाडं तिच्या एकटीकडून मागायचा हक्क त्याला या ओळीने मिळतो."

तिघी उठून गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा एकीचे डोळे लाल होते, पण मालकाशी फोनवर बोलून आल्या होत्या. तिघींचे तीन वेगळे करार झाले, जिची तिची खोली, जिचं तिचं भाडं. मी तुला म्हटलं, तू त्या पोरींची मैत्री मोडलीस. तू म्हणालीस, "उलट. आता भांडल्या तरी घर राहील."

हे सगळं तू कुठे शिकलीस, ते मला तू दहा वर्षांनी सांगितलंस. तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. एकोणिसाव्या वर्षी टंकलेखनाची परीक्षा पास होऊन तू घर सोडलंस. वडिलांना ते पसंत नव्हतं. ओरडले वगैरे नाहीत, फक्त म्हणाले, जमणार नाहीच, तेव्हा ये परत. एवढंच. तू म्हणालीस, ओरडले असते तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता येतं. मग एका मोठ्या घरात तुला खिडकीची खोली मिळाली. कागदावर सही केलीस, न वाचता, कारण मालक समोर उभा होता आणि वाचत बसलं तर त्याला अपमान वाटेल असं तुला वाटलं. दोन महिन्यांनी कामावरून परत आलीस तर तुझी पेटी आणि गादी जिन्याखालच्या जागेत नेऊन ठेवलेली. खिडकीच्या खोलीला जास्त भाडं देणारं कुणी मिळालं होतं. मालकाने कागद दाखवला. 'मालक नेमून देईल त्या जागेत' राहायचं कबूल केलं होतंस तू. आणि वर्षभर जागा सोडता येणार नाही, हेही.

दहा महिने तू जिन्याखाली काढलेस. डोक्यावरून लोक चढायचे-उतरायचे, आणि पायांच्या आवाजावरून तू माणसं ओळखायला शिकलीस. परत मात्र गेली नाहीस. "परत जाण्यापेक्षा जिना बरा होता," एवढंच म्हणालीस, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारलीस.

म्हणूनच घड्याळजींच्या दुकानावरची ती खोली तुला जिवापाड होती. मी पहिल्यांदा आले तेव्हा तू मला ती पाहुण्याला राजवाडा दाखवावा तशी दाखवलीस. दहा पावलांत संपली. दोन खिडक्या, एक रस्त्याकडे, एक मागच्या पत्र्यावर. एका बर्नरची शेगडी, भिंतीतलं कपाट, पलंग, आणि खालच्या घड्याळांची टिकटिक फरशीतून वर येणारी. मी म्हटलं, मला इथे वेड लागेल. तू म्हणालीस, थांबली की झोपमोड होते. एकोणीस वर्षं तू तिथे राहिलीस. खिडकीच्या चौकटीला स्वतः रंग दिलास, नळाचं वायसर बदलायला स्वतः शिकलीस, आणि घड्याळजींना पलीकडच्या दुकानातून चहा आला की एक कप वर यायचा. दर वर्षी तू करार टाइप करून खाली न्यायचीस. ते डोळ्याला लावलेलं भिंगही न काढता सही करायचे आणि म्हणायचे, "तू लिहिलंयस ना, मग झालं."

मागच्या वर्षी घड्याळजी गेले. दुकान आणि वरची खोली पुतण्याकडे आली.

त्या पुतण्याला मी मनात पुष्कळ शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर तो काही राक्षस नव्हता. बूट बाहेर काढून वर आला, तुला मावशी म्हणाला, पाणी प्यायला. मी तिथेच होते. म्हणाला, दुकान विकायचं ठरलंय, घेणाऱ्याला खोलीसकट हवंय. "करारात सूचना सात दिवसांची आहे, मावशी. पण मी चौदा दिवस देतो. तुम्हाला घाई नको व्हायला."

तू हसलीस. म्हणालीस, "सात नाही रे, साठ. टाइप करताना मी कधी चुकत नाही."

त्याने कागद पुढे केला. तू चष्मा शोधू लागलीस, तो डोक्यावर होता. म्हणून मीच वाचलं. मोठ्याने, तुझ्या पद्धतीप्रमाणे. मालकाने लेखी सूचना दिल्यापासून सात दिवसांत भाडेकरू जागा रिकामी करून देईल. अक्षरात आणि आकड्यात. खाली तुझी सही, घड्याळजींची सही, दोन साक्षीदार.

पुतण्या गेला. मी चहा केला. मग तू उठून कपाटातून जुनी फाइल काढलीस आणि एकोणीस करार पलंगावर मांडलेस. एकोणीसही करारांत सात. पहिल्या वर्षी तू घाईत कुठला तरी तयार नमुना उचलला होतास. फिरत्या विक्रेत्यांसाठी केलेला, जे पंधरा दिवस राहून पुढच्या गावी जातात. त्यांना सात दिवस पुष्कळ. पुढच्या वर्षी मागच्या वर्षीचा समोर ठेवून तारीख बदललीस. त्याच्या पुढच्या वर्षी तेच.

"तू वाचलं नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच होता. "सगळ्या जगाला वाच वाच म्हणतेस. स्वतःचा कागद वाचला नाहीस?"

"मी टाइप केला होता," तू म्हणालीस.

"मग?"

"टाइप करणारा वाचत नाही, मालकीणबाई. आम्हाला शिकवतातच तसं. अर्थाकडे लक्ष गेलं की बोटं अडखळतात. डोळ्यांतून शिरायचं आणि बोटांतून बाहेर पडायचं, मध्ये डोक्यात थांबायचं नाही. म्हणून तर मी पोरांना वाचायला लावते. त्यांनी वाचलं की मला ऐकू येतं. माझा करार मला कुणी वाचून दाखवलाच नाही."

मी ते एकोणीस करार गोळा करून फाइलीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी तुला न विचारता वकिलाकडे गेले. तो म्हणाला, एकोणीस वर्षांचा ताबा आहे, सहज चार-पाच वर्षं लांबवता येईल. मी आनंदाने सांगत आले, तर तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मीच दोषी. "काय सांगायचं तिथे? की मी कागद न वाचता सही केली?"

"सांगायचं. खरंच तर आहे."

"बावीस वर्षं मी त्या टेबलावर एकच वाक्य बोलतेय. सही केलीस की ती तुझी. उद्या पोरं म्हणतील, तुम्ही नाही पाळलंत, आम्ही का पाळू?"

"पोरांना काही कळणार नाही."

"मला कळेल ना."

बाई, तुझ्या त्या तत्त्वाचा मला तेव्हा संताप आला होता आणि अजूनही येतो. तत्त्व असावं, पण त्याला पाठ टेकायला पलंग लागतो.

म्हणून मी माडीवरची खोली तुला द्यायचं ठरवलं. अडचण एकच, तिथे नर्स राहत होती. तेवीस वर्षांची, इस्पितळात ड्युटी, पाय न वाजवता जिना चढणारी. मी तिला खाली बोलावलं, बिस्किटं पुढे केली आणि म्हटलं, "तुला दुसरीकडे खोली बघता येईल का? घाई नाही. पंधरा दिवसांत."

तिने बिस्किट परत बशीत ठेवलं. "काकू, माझी मुदत अजून पाच महिने आहे."

"ते आहेच गं. मी नुसतं विचारतेय."

"आणि मुदतीच्या आत जायला सांगायचं तर कलम सहा बघावं लागेल. त्यात माझी काही चूक असली पाहिजे. माझी काही चूक झालीय का?"

तिची काही चूक झाली नव्हती. सांडपाण्याच्या जाळीतले केससुद्धा ती रोज काढायची. तिला हे बोलायला कुणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती. आणि ती पोरगी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सरळ तुझ्या टेबलाशी जाऊन बसली. खोली कुणासाठी रिकामी करायची आहे हे तिला माहीतही नव्हतं.

संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. "मालकीणबाई, तुम्ही त्या मुलीला खोली सोडायला सांगितलंत?"

"विचारलं."

"मालक विचारतो तेव्हा ते सांगणंच असतं."

"तुझ्यासाठी विचारलं ना मी."

"म्हणजे तिला बाहेर काढून मी तिच्या पलंगावर झोपू?"

"पलंग माझा आहे."

"पलंग तुमचा. पाच महिने तिचे. ते मी टाइप केलेत आणि तिने मला वाचून दाखवलेत." मग म्हणालीस, "तिला काढलंत तर मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. कधीच."

मी हात टेकले. खालच्या मजल्यावर माझ्याबरोबर राहा म्हटलं, तर तू म्हणालीस, आपण दोघी एका स्वयंपाकघरात आठ दिवस टिकणार नाही. हे मात्र खरं होतं. हॉलमध्ये पलंग टाकते म्हटलं, तर "हॉल कुणाचाच नसतो" म्हणालीस. दुसरीकडे खोल्या बघितल्या. चार ठिकाणी गेलो. तुझं वय ऐकलं की मालकांचे चेहरे बदलायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, आजारी पडलात तर कुणाला फोन करायचा? हमीदार कोण? तरुण पोरांना बाप हमीदार मिळतो. साठी उलटलेल्या बाईला हमीदार कुठून आणायचा? मी म्हटलं, मी होते. तो मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्ही तर यांच्याहून मोठ्या." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं.

तेराव्या दिवशी तू खोली रिकामी केलीस. वऱ्हांड्यातल्या टेबलावरचा प्रिंटर आणून खोक्यात बांधलास, फरशी पुसलीस, खिडकीच्या चौकटीवरचा एक रंगाचा ओघळ नखाने काढत बसलीस. मी म्हटलं, आता कशाला? तू म्हणालीस, तो झीज नाही, मी केलेला आहे. आणि तू भावाकडे गेलीस. म्हणजे त्याच घरात, जिथून एकोणिसाव्या वर्षी निघाली होतीस.

बसने तीन तासांवर. दर रविवारी मी फोन करायची.

"कशी आहेस?"

"भावजय चांगली आहे."

"मी तुला विचारलं."

"तेच सांगतेय. वाईट असती तर बरं होतं. सकाळी मी उठायच्या आत चहा तयार. कशाला हात लावला की म्हणते, तुम्ही बसा ना."

"मग बस ना. आयुष्यभर बसूनच तर काम केलंस."

"पाहुण्याला कुठलंच कलम लागू नसतं हो, मालकीणबाई. दिवा किती वाजता मालवायचा, फडताळातलं काय घ्यायचं, किती दिवस राहायचं, काही लिहिलेलं नाही. सगळं त्यांच्या चांगुलपणावर. चांगुलपणाची मुदत कुणाला विचारायची?"

वडिलांचं ते वाक्य तू पुन्हा उच्चारलं नाहीस. पण एकदा मी भेटायला आले तेव्हा बाहेरच्या खोलीत तुझा पलंग त्यांच्या फोटोच्या बरोबर समोर लावलेला होता, आणि तू फोटोकडे पाठ करून बसली होतीस. पलंगाखाली प्रिंटरचं खोकं, दोरीसुद्धा न सोडलेलं. भाऊ मला म्हणाला, "ताईला इथे काय कमी आहे, ते तुम्हीच विचारा." त्याला खरंच कळत नव्हतं. मी त्याला म्हटलं, कमी काही नाही, म्हणूनच. त्याने मान डोलावली. पटलं नव्हतं त्याला.

निघताना तू मला गेटपर्यंत सोडायला आलीस आणि हळूच विचारलंस, "नर्सची मुदत वाढवून नाही ना मागितली तिने?"

"नाही."

"मागितली तर द्यावी लागेल. तिचा पहिला हक्क."

"तू गप्प बस," मी म्हटलं.

नर्सने मुदत वाढवून मागितली नाही. इस्पितळाजवळ तिला मैत्रिणीबरोबर जागा मिळाली. ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी, खोली झाडून, भिंतीवरच्या दोन खिळ्यांसकट तिने ती मला परत दिली. मग मी तिला सांगितलं की खोली कुणासाठी हवी होती. ती जिन्यातच बसली. म्हणाली, "मला त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. उलट मला म्हणाल्या, अजिबात हलू नकोस." मी म्हटलं, हो, ती तशीच आहे.

त्याच संध्याकाळी आपण फोनवर करार केला. तू सांगायचीस, मी लिहायची. एरवी मी कुणाचं सांगितलेलं लिहून घेत नाही.

"कलम चार वाचा."

"'मालकीण आगाऊ कळवल्याशिवाय खोलीत येणार नाही.'"

"आता तुमच्या शब्दांत."

"माझ्या शब्दांत म्हणजे मला माझ्याच घरातला जिना चढायला तुझी परवानगी घ्यायची."

"बरोबर. पुढे. सूचनेची मुदत?"

"एक वर्ष."

"एवढी नको. दोन्ही बाजूंना सारखी हवी, आणि मला जायचं झालं तर मी वर्षभर आधी काय सांगणार? नव्वद दिवस घाला. आणि अक्षरातही घाला." मग म्हणालीस, "आता सगळं पहिल्यापासून परत वाचा. सावकाश. या वेळी मी ऐकतेय."

मी बारा कलमं वाचली. पलीकडे तू श्वाससुद्धा जपून घेत होतीस. मी इतकं सावकाश आयुष्यात काही वाचलं नसेल. शेवटी तू एवढंच म्हणालीस, "छान आहे." नमुन्यांना, कागदांना, माणसांना, कशालाच तू कधी छान म्हणायची नाहीस.

तू शनिवारीच निघणार होतीस. मीच म्हटलं, थांब. मी चुना मारायला माणूस बोलावलाय, भिंती वाळू देत, बुधवारी ये. घाई करायची खोड माझी, पण त्या एका वेळी मी तुला थांबायला सांगितलं. तुला ओल्या चुन्याचा वास सहज सहन झाला असता. जिन्याखाली दहा महिने काढलेली बाई तू.

बुधवारचा बेत तू पक्का केलास. अकराच्या बसने यायचं. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत हार्डवेअरचं दुकान आहे, आधी तिथे. खोलीला नवं कुलूप घ्यायचं. मी म्हटलं, आहे ते चांगलं चाललंय. तू म्हणालीस, त्याच्या किल्ल्या आजवर किती जणांच्या खिशातून फिरल्यात, तुम्हाला तरी माहीत आहे का? कुलूप मालकाने आणायचं आणि निवडायचं भाडेकरूने, हा माझा नियम, कागदावर नसला तरी. मग नोंदणी कार्यालय, मग घर.

"आणि तुझी बॅग? ती आधी घरी ठेवू या ना. गल्लीबोळांतून कुठे ओढत नेणार?"

"बॅग घेऊनच जाऊ," तू म्हणालीस. "दुकानदाराला कळू दे, मी राहायला आलेय."

सोमवारी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. तो बराच वेळ नुसता "ताई, ताई" म्हणत होता. मी त्याला म्हटलं, नीट सांगा, आणि त्याने नीट सांगितलं. झोपेतच गेलीस.

बुधवारी अकरा वाजता मी साडी बदलून, पिशवी घेऊन निघाले होते. फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. एकटीने निवडलेलं कुलूप तुझ्या नियमात बसलं नसतं. ते आणायचं राहिलं.